काळ्या गाईच्या वळणावरची काठी

माझ्या दहिबाआत्याला पोहता येत नव्हतं. नदीकाठी जन्मली, नदीकाठी नांदली, चार लेकरं नदीकाठच्या वाळूत पुरली, पण घोट्याच्या वर पाण्यात ती कधी उतरली नाही. घागर भरायची तीसुद्धा काठावर उकिडवी बसून, हात लांब करून. बायका हसायच्या. "रायसाची बायको, आणि पाण्याला भिते!" आत्या म्हणायची, "भीत नाही गं. ओळख वाढवत नाही."

ती गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ मी आणि दोघी शेजारणींनी घातली. तिच्या कमरेभोवती एक काळपट वण होता, पट्टा आवळून बांधावा तसा, सगळीकडून. शेजारणींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "जुना आहे," आणि पाणी ओतत राहिले. तो वण कसा पडला हे जाणणारी तेव्हा मी एकटीच उरले होते. आता मीही म्हातारी झाले, म्हणून सांगते.

आमच्या कुलुंदी गावाशी नील, म्हणजे नाईल नदी काळ्या खडकांत शिरते आणि एक मोठं वळण घेते. वळणाच्या मधोमध एक खडक आहे, त्याला काळी गाय म्हणतात. हिवाळ्यात ती पाण्याबाहेर पाठ काढून बसलेली असते, तिच्यावर बगळे उभे राहतात. दमिऱ्यात, म्हणजे पुराच्या दिवसांत, ती दोन हात पाण्याखाली जाते. वरून पाणी गुळगुळीत दिसतं. जिथं गुळगुळीत दिसतं तिथंच ती असते.

या वळणातून होड्या पार करणं हे आत्याच्या नवऱ्याचं काम. त्याचं नाव सामिल, पण सगळा गाव त्याला रायस म्हणे, म्हणजे होडीचा धनी. मी त्याला आतोबा म्हणायची. तीस वर्षं त्यानं एकही होडी गाईच्या अंगावर घातली नाही. पण पन्नाशी गाठता गाठता त्याच्या डोळ्यांवर पांढरी साय धरली. आधी लांबचं गेलं, मग जवळचं. त्यांना पोरं पाच झाली आणि जगला एक, शेवटचा, नुरी. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आत्याचा सगळा जीव त्या एका पोरात होता. त्याचं ताट वाढताना ती आधी एक घास काढून नदीत टाकायची, पाण्याखालच्या माणसांसाठी. अल्ला माफ करो, आमच्याकडं सगळ्याच बायका टाकायच्या.

त्या वर्षी हिवाळ्यात मोजणीवाला खवाजा आला. खवाजा म्हणजे साहेब, परदेशी. दोन होड्या, तिपाईवरची दुर्बीण, लोखंडी साखळी, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांब काठी आणि सात माणसं. सरकारची वाफेची बोट पुराच्या पाण्यात आमच्या खडकांतून वर डोंगोलाकडं न्यायची होती, त्यासाठी नदीचा नकाशा हवा होता. दिवसभर ते पाण्यात काठी बुडवायचे, आकडा ओरडायचे आणि खवाजा तो लिहून घ्यायचा.

आमची शेजारीण मस्तुरा म्हणजे सगळ्या गावाची जीभ. ती काठावर उभी राहून म्हणाली, "शेळ्या मोजू नयेत, पोरं मोजू नयेत. मोजलेलं कमी होतं. आणि हा बाबा नदी मोजतोय. काय कमी होईल ते बघा आता."

"तुझी जीभ मोजायला सांगूया का त्याला?" आतोबा ओट्यावरून म्हणाला. "कमी तरी होईल."

आतोबा रोज त्यांच्याबरोबर जायचा. दिसत नव्हतं, पण वल्ह्याला पाणी कसं लागतं त्यावरून तो सांगायचा की इथं खाली वाळू, इथं दगड, इथं भोवरा. खवाजा त्याच्याशी अदबीनं बोलायचा. महिनाभरात आतोबाच्या डोक्यात होतं ते सगळं कागदावर उतरलं.

आत्याला ते आवडलं नाही. "सगळं देऊन टाकलंस? आता तुला कोण विचारणार?"

"मला नकोच विचारू देत. नुरीला विचारतील. त्याला कागद वाचता येतो." आणि मग हळूच म्हणाला, "पहिली बोट तोच आणणार आहे, दहिबा. सुकाणूच्या चाकावर तो. खवाजानं शब्द दिलाय."

चुलीवरची भाकरी करपली तरी आत्या तशीच बसून होती.

खवाजाच्या माणसांत साखळी ओढणारा एक शहाता नावाचा माणूस होता, लांब खालच्या मुलखातला, फय्यूमचा. गरीब स्वभावाचा, आईवेडा. तो आत्याकडं जेवायला यायचा. पहिल्या दिवशी तिनं त्याच्यापुढं आमचं मुरवलेल्या माशांचं तरकीन ठेवलं. त्यानं नाक धरलं.

"खाला, हे काय?"

"मासा."

"कधीचा?"

"तुझ्या लग्नाआधीचा."

"माझं लग्न झालंच नाही अजून."

"मग तर चांगलाच मुरला असेल. खा."

आतोबा हसून हसून खोकला. पुढं तो पोरगा मागून मागून तरकीन खाऊ लागला.

निघायला चार दिवस उरले असताना शहाता खांद्यावर साखळी घेऊन काळ्या गाईवर चढला आणि शेवाळावरून घसरला. साखळीच्या वजनानं सरळ तळाला गेला. दोन दिवसांनी वळणाशी, आमच्या काठाच्या खालच्या, मातीच्या पायरीवर सापडला. प्रेत उन्हात लांब नेण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून तिथंच खड्डा केला, नमाज पढला आणि पुरला. परका माणूस, पाण्यानं मेलेला. आमच्यात असा मेलेला शहीद धरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बायका घागरी घेऊन गेलो तर कबरीपासून पाच पावलांवर एक उंच काठी रोवलेली. दहा हात तरी असेल, टोकाला पांढरी रंगवलेली फळी. आत्या थांबली. म्हणाली, "बघा गं, परका धर्म, पण खवाजानं आपल्या माणसाला निशाण दिलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडं वलीच्या, म्हणजे पिराच्या कबरीवर पांढरं निशाण असतंच, त्यामुळं दुसरं काही कुणाच्या मनातच आलं नाही. त्याच दिवशी मागच्या टेकडीवरच्या एका मोठ्या दगडाला त्यांनी चुना फासला. तो दगड आम्ही पाहिला, पण त्या दोन गोष्टी आम्ही कधी जोडल्या नाहीत. गड्यांना सगळं सांगितलेलं होतं. बायकांना कुणी सांगितलं नाही. सांगायचं असतं असं कुणाला वाटलंही नाही.

खवाजा गेला. नुरी त्याच्याबरोबर खाली गेला, बोटीचं काम शिकायला.

मग आत्या रोज पहाटेच्या नमाजानंतर त्या काठीशी जाऊ लागली. बुंध्याभोवती तिनं सात गोल दगड मांडले, फळीखाली आपली पांढरी ओढणी बांधली, दगडांवर खजूर ठेवले. मला म्हणाली, "नबरा, हा पोरगा माझ्या हातचं जेवलाय. माझ्या पोराला तो पाण्यात ओळखेल." नुरीची बोट सुखरूप वर गेली तर काळी शेळी कापीन असा नवस केला. मागायचं ते अल्लाकडंच, हे मला तेव्हाही कळत होतं. मी नवी लग्न झालेली, माझी कूस अजून उजवायची होती. आत्याच्या शेजारी उभी राहून मीही एक चिंधी बांधली. दोन महिन्यांत त्या काठीवर इतक्या चिंध्या झाल्या की वारा सुटला की तिची फडफड आतोबाच्या ओट्यापर्यंत ऐकू यायची.

"कसला आवाज गं तो?" त्यानं एकदा विचारलं.

"निशाणाचा," आत्या म्हणाली.

"हां," तो म्हणाला. त्याला वाटलं ती खवाजाच्या निशाणाबद्दल बोलते आहे. तिला वाटलं त्याला शहाताच्या निशाणाबद्दल ठाऊक आहे.

दमिरा त्या वर्षी पंधरा दिवस लवकर आला. एरवी पाणी आधी हिरवं होतं, मग तांबडं होतं. त्या वेळी हिरवं झालंच नाही, एका रात्रीत तांबडं आलं. काठ ढासळायला लागले. मातीचे मोठे चिरे पाण्यात पडायचे आणि तोफ उडावी तसा आवाज व्हायचा. तो आवाज झाला की कुत्री भुंकायची नाहीत, घरात शिरायची. अर्धे गडी नेहमीसारखे लांब मिसरात, खाली इजिप्तात, चाकरीला, उरलेले वरच्या शेतांचा बांध धरायला गेलेले. गावात म्हातारे आणि आम्ही बायका. निरोप आला होता की बोट आठवडाभरात निघेल. नक्की दिवस कुणाला ठाऊक नव्हता.

त्या दिवशी सकाळी पाणी कबरीच्या एका हातावर आलेलं होतं.

"पाहुणा आहे तो आपला," आत्या म्हणाली. "पाहुण्याला पाण्यात सोडायचा?"

"कबर उकरता येत नाही, आत्या. हराम आहे."

"कबर नाही. निशाण तरी वर नेऊ. त्याला कळेल, आपण त्याला टाकलं नाही."

मस्तुरा म्हणाली, "आणि नवस? निशाणाविना नवस कुठं फेडणार? न्यायलाच हवं."

दक्षिणेला, चाळीस पावलांवर, दोम ताडाखाली उंचवटा आहे. तिथं पूर कधी पोचत नाही. आम्ही तिघींनी काठी हलवली. वाटलं होतं जड जाईल, पण अगदी सहज आली, दुधाचा दात यावा तशी. ती निघाली आणि त्या भोकात खालून पाणी वर आलं. काठावरून नाही, खालून. मला ते अजून दिसतं. मी "बिस्मिल्ला" म्हटलं आणि काठीचं बारीक टोक उचललं.

उंचवट्यावर ती रोवून, दाबून, आत्यानं फातिहा म्हटला. तिचा चेहरा किती दिवसांनी निवांत दिसला. जेवतानासुद्धा ती बोलत होती.

अस्रच्या वेळी, म्हणजे दुपार कलल्यावर, आतोबा ओट्यावर बसला होता. उत्तरेचा वारा नेहमीसारखा सुटला. मी आत धान्य निवडत होते. त्यानं हाक मारली.

"नबरा. ती फडफड कुठून येते?"

"निशाणाची, आतोबा."

"निशाणाची ते कळलं. रोज डाव्या कानात येते. आज समोरून का येते?"

मी म्हटलं, "पाणी जवळ आलं होतं, म्हणून आम्ही ते उंचवट्यावर नेलं. दोमखाली."

तो उठायला गेला आणि पुन्हा बसला. मग इतक्या बारीक आवाजात बोलला की मला वाकावं लागलं. "दहिबाला बोलाव."

आत्या पीठाच्या हातांनी आली.

"ती काठी कशासाठी होती, तुला ठाऊक आहे?"

"शहाताची."

"शहाताची!" त्यानं कपाळ धरलं. "अगं, बोटीची ती. बोट वळणाशी आली की नुरी काय बघणार? काठी आणि टेकडीवरचा पांढरा दगड. दोन्ही एकापुढं एक आले की त्या क्षणी चाक फिरवायचं. काठी चाळीस पावलं दक्षिणेला नेलीस म्हणजे ते दोन्ही एकत्र येणार ते कुठं? गाईच्या पाठीवर. नकाशात तसंच लिहिलंय, आणि तो नकाशावर विश्वास ठेवणार. मीच त्याला सांगितलंय, डोळ्यांवर जाऊ नको, पाण्यावर जाऊ नको, काठीवर जा."

आत्याचे हात तसेच हवेत राहिले. पीठ खाली पडत होतं.

"लगेच परत नेऊ," मी म्हटलं. "बोट आज थोडीच—"

मस्तुरा बाहेरून ओरडत आली. "धूर! खालच्या पाण्यावर धूर दिसतोय! बोट आली!" आणि आनंदानं तिनं जीभ वळवून लुलुलु केलं, तसं घराघरांतून बायकांनी केलं. सगळ्या काठाकडं धावल्या. पहिल्या बोटीचं स्वागत.

"ओरडून थांबवू," मी म्हटलं.

"पहिल्या बोटीला सगळेच ओरडतात," आतोबा म्हणाला. "रहाटाचा दोर आण."

आम्ही पळालो, आतोबा माझ्या खांद्याला धरून. काठी या वेळी जड झाली होती, दोघींना निघेना. मस्तुराला काय ते कळल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना, पण ताकद तिचीच कामाला आली. खाली आलो तर खालची पायरी गायब. कबर दिसत नव्हती, काही दिसत नव्हतं. तांबडं पाणी सरळ वाहत होतं. कड अजून तुटली नव्हती, पाणी तिच्यावरून चढलं होतं.

"कुठं होती ते कसं कळणार?" मस्तुरा रडायला लागली.

आत्यानं वहाणा काढल्या. "मला कळेल. सात दगड आहेत."

"मी जातो," आतोबा म्हणाला.

"तुझ्या पायांना माझे दगड कसे सापडतील? मी मांडलेत ते." तिनं दोर स्वतःच कमरेला बांधला. त्याच्या हातात दुसरं टोक दिलं. "तू धर. तुला ओढ कळते."

घोट्याच्या वर पाण्यात कधी न उतरलेली माझी आत्या गुडघ्यापर्यंत गेली, मग मांड्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत. काठी आडवी धरून, पाय सरकवत. ओठ हलत होते. बोट वळणाच्या तोंडाशी आली होती, पाणी मागं सारणाऱ्या तिच्या मोठ्या चाकाच्या फटक्यांचा आवाज छातीत लागत होता. आत्या थांबली, डावीकडं सरकली, पुन्हा थांबली.

"एक," ती म्हणाली. मग, "दोन. इथं."

तिनं काठी उभी केली. ती रोवली जाईना, चिखल धरत नव्हता. म्हणून तिनं ती दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली आणि तशीच उभी राहिली. वर ओढणी फडफडत होती. मी टेकडीकडं पाहिलं नाही. मी फक्त बोटीकडं पाहिलं. ती सरळ येत होती, गुळगुळीत पाण्याकडं. आतोबा दोराला कान लावल्यासारखा वाकून उभा होता. म्हणाला, "वळली का?"

"नाही."

"वळली का?"

"नाही, आतोबा."

"या अल्ला."

मग बोटीचं तोंड हळूहळू फिरलं. गाईला बगल देऊन ती आमच्या काठाजवळून गेली, इतक्या जवळून की नुरीचा चेहरा दिसला. त्यानं चाकावरून एक हात उचलून काठीजवळच्या बाईला हात केला. ऊन त्याच्या डोळ्यांत होतं, आणि भिजलेली, मातीनं माखलेली बाई, त्याला कोण ते कळलं नाही. आत्याचे दोन्ही हात काठीवर होते.

बोट गेली, आणि तिच्यामागून तिच्या लाटा आल्या. पहिली लाट आत्याच्या गळ्यापर्यंत आली. दुसरीनं कड तुटली. तो तोफेचा आवाज झाला आणि कबर, दगड, काठी, सगळी पायरी एकदम खाली बसली. आत्या दिसेनाशी झाली.

दोर आतोबाच्या हातांतून सरकला, कातडी सोलत गेला, आणि मग थांबला. तो पाठीवर पडून, टाचा वाळूत रुतवून ओढत होता. मी आणि मस्तुरा त्याच्या मागं. किती वेळ, मला ठाऊक नाही. काठाशी आली तेव्हा ती निळी पडली होती आणि दोर कमरेत असा रुतला होता की कापून काढावा लागला. तिला उपडी केल्यावर पाणी निघालं, खूप, तांबडं. डोळे उघडून तिनं पहिल्यांदा विचारलं, "गेली?"

"गेली," आतोबा म्हणाला. "डोंगोलाच्या वाटेला लागली."

शहाता पुन्हा सापडला नाही. आत्या म्हणायची, नदीनं मोजून घेतलं, माझ्याऐवजी त्याला ठेवून घेतलं. तिच्या आईवेड्या पाहुण्याला तिनं शेवटी पाण्यातच सोडलं, ही टोचणी तिला जन्मभर राहिली. काळी शेळी तिनं कापली, पण काठापासून लांब, घराच्या मागं, आणि सगळं मटण वाटून टाकलं. स्वतः एक तुकडा खाल्ला नाही. नदीत घास टाकणं त्या दिवसापासून बंद केलं. म्हणाली, "आता पाण्याखालच्यांनी मला पाहिलंय."

बोटीच्या परतीच्या वेळी आतोबा गाढवावर बसून वरच्या थांब्याला गेला आणि बोटीत चढला. हाताला फडकी बांधलेली. नुरीला इतकंच सांगितलं, "काठी पुरानं नेली. मी सांगेन तसं चाक फिरव." कुणी हलवली, का हलवली, हे त्यानं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मस्तुरानंही नाही, आणि तिला ते किती जड गेलं असेल!

नुरी एका रात्रीपुरता घरी आला. आत्यानं कमरेला जाड कापड गुंडाळून वर झगा घातला होता. सरळ बसता येत नव्हतं तर भिंतीला टेकून वाढत होती. तो तोंडभर बोलत होता, बोटीचं, चाकाचं, डोंगोलाच्या बाजाराचं.

"आई, जाताना वळणाशी पाण्यात कुणी बाई उभी होती, काठीपाशी. कोण गं ती?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, आतोबाकडंही नाही.

"मी तिला हात केला," नुरी म्हणाला. "तिनं केला नाही."

"कामात असेल," आत्या म्हणाली आणि तरकीनची वाटी त्याच्याकडं सरकवली.